कॉम्प्युटरभोवतीचा भोंडला

अगं, दारातूनच "बरी आहेस ना मावशी?" विचारून पळणाऱ्या पाहुण्यांचा मला भारी राग आहे. चप्पल काढ, इकडे ये, अशी जवळ बैस. वाळलीस किती! त्या ऑफिसात जेवू देत नाहीत का तुला? आता चिवडा संपल्याशिवाय उठायचं नक्को, आणि माझं बोलणं संपल्याशिवाय तर मुळीच नक्को.

तर, आमच्या नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या घरात एकदा विश्व तयार होत होतं आणि मी त्याच्या स्विचवर बसले.

हसतेस काय? नव्वदीतली गोष्ट. कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, ज्याची त्याची पोरं परदेशी निघाली होती. आमची केतकी मात्र विद्यापीठात आकाश शिकत होती! तिथल्या कॉम्प्युटरला ही रांग, म्हणून तुझ्या काकांनी घरीच एक आणला. केतकीने तो हॉलच्या बरोबर मध्यभागी, पंख्याखाली मांडला. का? तर त्याला गरम होतं! (मला लग्नापासून स्वयंपाकघरात गरम होतंय. तिथे आजतागायत पंखा नाही.)

"अगं, पण हा रात्रंदिवस करतो काय?" मी विचारलं.

"आई, आकाशात दीर्घिकांचे समूह असतात ना, त्यांच्याभोवती न दिसणारं द्रव्य असतं. कृष्णद्रव्य. दिसत नाही, पण सगळ्यात जास्त वजन त्याचंच. त्याच्या ओढीने सगळं एकत्र राहतं. त्या द्रव्याचे गोळे कसे बनले, ते मी ह्यात बनवून बघतेय."

"दिसत नाही, पण सगळं घर त्याच्यामुळे एकत्र राहतं?" मी म्हटलं, "मग एवढा खर्च कशाला केलात? मला विचारायचं!"

पण पोरीचा जीव त्यात अडकला होता हे खरं. आधी दोन वेळा करंट गेला आणि विश्व अर्धवट राहिलं. मग टेबलाखाली यूपीएस आला. करंट गेला की तो टीं-टीं ओरडायचा आणि जेमतेम पाच मिनिटं तग धरायचा. आता हे तिसरं विश्व संध्याकाळी पूर्ण होणार होतं. तिचे सर दुसऱ्या दिवशी परदेशातल्या परिषदेला निघणार, त्याआधी निकाल घ्यायला घरी येणार. निकाल मिळाला तर केतकीचं काम सरांबरोबर जाणार, नाहीतर वर्ष फुकट.

आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे भोंडला!

आता नवरात्रातला भोंडला काय पुढे ढकलता येतो? साऱ्या मराठी बायकांना निरोप गेलेले, खिरापत डब्यात तयार. अंगणात फेर धरावा, तर नळाच्या पाइपासाठी हा एवढा खड्डा. राहिला हॉल. हॉलच्या मध्ये कॉम्प्युटर.

"आई, टेबल हलवायचं नाही," केतकी हात जोडून म्हणाली.

"नाही हलवत. त्याच्याभोवतीच फेर धरू."

"आणि हत्ती?"

हत्तीशिवाय कसला भोंडला? पाट ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी हत्तीचं चित्र मॉनिटरच्या पाठीला चिकटवलं आणि हळदीकुंकू वाहिलं. भिंतीपासून टेबलापर्यंत वायर गेलेली, वाटेत जमिनीवरच स्विचचा बोर्ड. काका तिथे खुर्ची टाकून बसले आणि फेर जवळ आला की ओरडायचे, "पाय उचला! वायर!" सगळ्या बायका टुण्णकन उडी मारायच्या. दोन गाण्यांत ती उडी इतकी सवयीची झाली, की वायर नसलेल्या ठिकाणीही पडायला लागली!

इतक्यात शेजारची तेलुगू लक्ष्मम्मा त्यांच्या नवरात्रातला फुलांचा मोठा बतुकम्मा घेऊन आपल्या बायकांसह आली. "वदिना, तुमचं पण गोल, आमचं पण गोल. मिळून करू!" (वदिना म्हणजे त्यांची वहिनी.) नाही कशी म्हणू? फुलांचा मनोरा हत्तीशेजारी बसला. आमचा फेर आत, त्यांचा बाहेर. आमचा इकडून, त्यांचा तिकडून. त्या टाळीला वाकायच्या, आम्ही वायरला उडायचो. एकदा लक्ष्मम्मा वाकली आणि मी उडाले, त्या दोन्ही गोष्टी एकाच जागी झाल्या.

मी धप्पकन बसले ती थेट बोर्डावर. माझ्या वजनाने स्विच बंद. टीं-टीं-टीं!

"आई, ऊठ! पाच मिनिटं आहेत!" केतकी किंचाळली.

उठणार कशी? मला हसू फुटलं. माझं हसू तुला माहीतच आहे, आवाज बंद आणि अंग गदागदा.

"अय्यो! शॉक लगा वदिना को!" लक्ष्मम्मा ओरडली. "कोई हात नक्को लगाओ!"

झालं! सगळ्या दोन हात मागे. काका खुर्ची सोडून स्वयंपाकघरात पळाले आणि लाटणं घेऊन धावत आले. लाकडाने ढकलायचं म्हणे! चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटलेलं माझंच लाटणं, आणि त्यानेच हे मला लाटताहेत!

"अहो, पुरे!" मी कशीबशी म्हणाले.

"बाबा, शॉक लागलेला माणूस 'पुरे' म्हणत नाही! आई हसतेय!"

मग सगळ्या एकदम धावल्या. एकीने हात धरला, ती माझ्यावर पडली. तिला उचलायला दुसरी आली, ती तिच्यावर. लक्ष्मम्मा माझा पाय ओढत ओढत शेवटी माझ्याच मांडीवर. टीं-टीं आणखी घाईने वाजायला लागलं. केतकी रडकुंडीला येऊन जमिनीवर आडवी झाली, ढिगाखाली हात घातला. "आई, डावीकडे कल! तुझं डावं!" मी सगळ्या बायकांसकट कलले. खट्! आवाज थांबला. पडद्यावर ठिपके पळतच होते.

मान वर करून बघते, तर दारात सर. मूळचे नांदेडचे, अतिशय गंभीर माणूस. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे लहान लहान ठिपके येऊन एका मोठ्या गोळ्यावर कोसळत होते. मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

"केतकी," सर म्हणाले, "तुझा निकाल बरोबर आहे."

निकाल परदेशात गेला, वाखाणला गेला. पुढे केतकीही गेली, आता तिकडे शिकवते. पोरांनी विचारलं की हे गोळे बनतात कसे, तर म्हणे ती फळ्यावर आकडेमोड न करता आधी आईची गोष्ट सांगते! म्हणजे बघ, जन्मात मी चारमिनारपलीकडे फारशी गेले नाही, पण माझं वजन सातासमुद्रापार शिकवतात.

चाललीस? बरं, पण नवरात्रात नक्की ये हं. हल्ली गुडघ्यांमुळे फेर धरवत नाही. मीच मध्ये खुर्चीवर बसते आणि बायका माझ्याभोवती फिरतात. ये लवकर. आल्याशिवाय राहायची नाहीस म्हणा, ओढ आता दुपटीने वाढली आहे. जुना काटा मला पुरेना, म्हणून मागच्या महिन्यातच नवीन वजनकाटा आणलाय!