बांधाकडची जागा

मी डावखुरी आहे हे माझ्या आधी आईच्या चापटीला कळलं. प्रसादाला डावा हात पुढे गेला की मनगटावर फटका बसायचा. "उजव्या हातान घे गो बाय, लोकांत लाज काढतंस." त्यामुळे जेवण, तीर्थ, हळदीकुंकू सगळं मी उजव्याने करते. लिहिते मात्र डाव्याने. तिथे आईचं चाललं नाही, कारण आमच्या घरात लिहिणारं दुसरं कोणी नव्हतंच, शिकवणार कोण? घोडबंदरच्या आमच्या घरातली पहिली पदवी या डाव्या हाताने मिळवली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

नोकरी लागली, इंद्रलोक वसाहतीत फ्लॅट झाला, आईला घेऊन आले. पस्तिशी उलटल्यावर शांती नगरात बासरीच्या क्लासला जायला लागले. पहिल्याच दिवशी बासरी आपोआप डावीकडे वळली. बासरीला त्याचं काहीच नाही. बांबू तो, भोकं एका रेषेत, इकडून धरा नाहीतर तिकडून. सर म्हणाले, "आधी सूर लागू दे, बाजूचं नंतर बघू."

ते 'नंतर' गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाआधी आलं. स्टेज छोटं, आम्ही सगळे एका रांगेत मांडीला मांडी लावून. सगळ्यांच्या बासऱ्या उजवीकडे, माझी एकटीची डावीकडे. तालमीत ती डावीकडच्या गुजराती काकींच्या चष्म्याला लागली.

"अरे बेटा, आँख फोडेगी क्या?"

सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या शेजारच्यांनी हेल्मेट घालून यायचं का?" सगळे हसले, मीही हसले. मग सर गंभीर झाले. "बाजू बदला. नाही जमलं तर यंदा समोर बसून ऐका."

मी आईला आधीच सांगून बसले होते की तुला पहिल्या रांगेत बसवणार आणि मी वर वाजवणार.

घरी बाजू बदलून बसले. फुंक माझीच, पण बोटं दुसऱ्याची. येणारी सरगमसुद्धा अडखळायला लागली. आई भाजी निवडत होती.

"काल बरा वाजवत होतीस. आज काय झाला?"

"हात बदलतेय."

"मंग बदल. चार लोकांत बसाचा हाय."

मला राग आला. या हाताने लिहिलेले पेपर कुणी उलटे म्हणून परत पाठवले नव्हते. राग ओसरल्यावर बाबा आठवले. बाबाही डावरेच. भातकापणीला माणसं ओळीने बसायची, आणि बाबांचा विळा डाव्या हातात. त्यांना कुणी हात बदलायला सांगितलेलं मला आठवत नाही. त्यांची जागा ठरलेली असायची, ओळीच्या डाव्या टोकाला, बांधाला लागून. तिथे विळा कुणाला लागत नसे. मी पेज घेऊन बांधावरून जायचे तेव्हा पहिले बाबाच भेटायचे. माझी वाट बघायला ते कडेला बसतात, असं मला वाटायचं.

पुढच्या तालमीला सरांना सांगितलं, "हात बदलणार नाही. मला डाव्या टोकाला बसवा."

"तिथे तबला आहे."

"तबला उजवीकडे जाईल ना?"

"क्लास तुम्ही चालवताय की मी?" कपाळावर आठ्या घालूनच सरांनी तबला हलवून बघितला. मी टोकाला बसले. माझी बासरी मोकळ्या जागेत, आणि काकी उजवीकडे, त्यांची बासरी माझ्यापासून लांब. काकींनी चष्मा नीट केला. "चलो, बच गये."

"चालेल," सर म्हणाले. "पण चुकलात तर टोकावर आधी तुम्हीच दिसाल."

कार्यक्रमात चुकलेच. तबला लांब गेल्यामुळे सम नीट ऐकू आली नाही, एक आवर्तन नुसती फुंकत बसले. सरांनी बघितलं. पुढच्या समेला परत पकडलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

टाळ्या थांबल्या. स्टेजवरून उतरताना आईचा आवाज आला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना ती तिच्या हिंदीत सांगत होती, "वो कोने में बैठी थी ना, सबसे उलटी, वो मेरीच लडकी हाय."

सांगत होती ती लोकांत, आणि चांगलं मोठ्याने.