सेटअपची खुर्ची

शाहूपुरीतल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात पहिला कॉम्प्युटर आला तो जुनाच. त्याच्या आतली बॅटरी गेली होती, म्हणून रोज सकाळी तो तारीख विसरायचा आणि बिलावर भलतंच साल छापायचा. मग आमचे हे मागच्या घराकडं तोंड करून हाक मारायचे, "वहिनी, या की! हा पुन्हा विसरला."

थोरल्या जाऊबाई कॉलेज शिकलेल्या. हसत यायच्या, ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि डिलीटचं बटण दाबून सेटअपचा निळा पडदा उघडायच्या, तिथं तारीख दुरुस्त करायच्या. मी चहा घेऊन मागं उभी. मला त्या खुर्चीत बस असं हे कधी म्हणाले नाहीत. माझा जीव जळायचा, पण डोळे जाऊबाईंच्या बोटांवरच असायचे.

एकदा जाऊबाई बाजूला बसल्या. कॉम्प्युटरला रोज हळदकुंकू वाहायचो, म्हणून त्या दिवसांत त्यालाही शिवायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक. इकडं गिऱ्हाईक खोळंबलं. मी खुर्चीत बसले. इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे ओळखीचे होते. डिलीट दाबलं, बाणाच्या बटणानं तारखेवर गेले, ती बदलली, जाऊबाई करायच्या तसंच शेवटी एफ टेन दाबलं, मग वाय. बिल बरोबर निघालं.

हे बघतच राहिले. मग मागं वळून ओरडले, "वहिनी, तुमची चेली तयार झाली की!"

"व्हय तर! गुरू कोण हाय?" आतून जाऊबाई म्हणाल्या. दोघंही हसले.

नंतर ह्यांनी दोनदा चहा मागितला. मी खुर्चीवरून उठले नाही.