होळीत पडलेली वाकळ

धुळवडीच्या सकाळी मी घर सोडलं तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत चिंध्यांनी बांधलेला होता आणि डाव्या काखेत मधोमध जळून भोक पडलेली वाकळ होती. परतूर स्टेशनकडे निघालेल्या जीपमध्ये कुणी काही विचारलं नाही. माझ्या अंगाला जळल्याचा वास येत होता, पण त्या दिवशी सगळ्यांच्याच अंगाला राख होती.

बायांनो, कुंभार पिंपळगावातल्या आपल्या गल्लीत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. रागानंच लिहिते आहे. मधेच हसू आलं तर हसा.

इथं पुण्यात सोसायटीतल्या मॅडम माझ्याकडं शिवण शिकायला येतात. त्यांना वाटतं, शिवण म्हणजे शांत, नाजूक काम. त्यांनी आपल्याला बघायला पाहिजे होतं. हरभरा घरात आला की माझ्या परसात तुम्ही जमायच्या, आपापलं जुनेर, विटलेलं लुगडं, दातात धरून टर्रकन फाडायच्या, आणि त्या आवाजानं कोंबड्या पळायच्या. वाकळ कुणा एकीच्या घरची, पण तिच्यात जुनेर प्रत्येकीचं आणि धाग्याची एक ओळ प्रत्येकीच्या हातची, ही आपल्या गल्लीची रीत. न्हाणीच्या पाण्यावर माझा मोगरा कळ्यांनी लगडलेला असायचा, शेवग्याची फुलं वाकळीवर पडायची, ती झटकत आपण शिवायचो. तेवढे दिवस मी खरंच सुखात असायचे.

नवरा मारतो हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकदा तुम्ही शिवत बसलेल्या असताना त्यानं माझे केस धरून डोकं न्हाणीच्या दगडावर आपटलं. कपाळ फुटलं, रक्त मोगऱ्याच्या आळ्यात गेलं. तुमच्या सुया थांबल्या. समोरच्या घरातल्या पारूकाकू म्हणाल्या, "घरचा मामला हाय, जाऊ द्या." आणि सुया परत चालू झाल्या. फोनवर आई म्हणायची, "सोस माय, व्हईल बराबर." आई जाईपर्यंत काही बराबर झालं नाही.

त्या होळीला, आंघोळीचं पाणी तापवायच्या आधी मी मोगऱ्याला पाणी घातलं, एवढ्यावरून नवऱ्यानं मोगरा मुळासकट उपटला. संध्याकाळी शेवटची ओळ संपत आली होती. त्यानं माझ्या मांडीवरची वाकळ सुईसकट ओढली, गल्लीतून फरफटत नेली आणि पेटलेल्या होळीत फेकली. मी मागोमाग हात घातला. कातडं सोलवटलं, तरी सोडली नाही.

त्याला वाटलं, वाकळ माझी. कधी शिवायला बसला असता तर कळलं असतं.

"मुडद्या, माझ्या मायचं लुगडं व्हतं त्याच्यात!" पारूकाकू ओरडल्या आणि त्यांनी होळीतलं पेटतं लाकूड ओढून त्याच्या पाठीत घातलं. मग तुम्ही सगळ्या तुटून पडलात. लाथा, काठ्या, दगड, जे सापडेल ते. तो किंचाळत होता, पण होळीच्या बोंबा चालू होत्या, त्यात त्याची एक बोंब कुणाला ऐकू जाणार! त्याच्या तोंडातून रक्त आलं आणि मला फार बरं वाटलं. लाज वगैरे काही वाटली नाही.

पण तिथंच, आगीसमोर, मला तुमचा संताप आला. लुगड्यासाठी उठलात. माझ्या कपाळासाठी उठला नाहीत. त्या मारानंतर तो बहुतेक दबूनच राहिला असता. मी गाव सोडलं ते तुमच्यामुळं.

आता कुर्त्यांच्या युनिटमध्ये ओव्हरलॉक मशीनवर बसते. शिफ्ट, टार्गेट, रविवारी क्लास. उपटलेल्या मोगऱ्याचं एक मूळ पदरात बांधून आणलं होतं, ते बाल्कनीतल्या कुंडीत फोफावलं आहे. वाकळीचं भोक मात्र मी कधी बुजवलं नाही. माझी थोरली जाऊ, रुक्मिणबाई, दर होळीला फोन करते. "ये की गं, वाकळ शिवून राह्यलो." मी म्हणते, "न्हाई."

यंदाच्या फोनवर ती एका दमात सांगत सुटली. पारूकाकूंच्या धाकट्या पोरानं त्यांच्या नव्या सुनेला, स्वतःच्या बायकोला, सगळ्यांसमोर पोटात लाथ घातली. पारूकाकू शिवत होत्या.

"सुई हातातच व्हती म्हातारीच्या. खुपसली की पोटच्या पोराच्या दंडात! घरचा मामला हाय म्हणत व्हता त्यो. मंग समद्या उठलो."

"वाकळ फाडली का त्यानं?" मी विचारलं.

"न्हाई गं," रुक्मिणबाई म्हणाली. "वाकळीला काय बी झालं नव्हतं."

फोन ठेवून मी कितीतरी वेळ रडले. तिथं परत राहायला येणार नाही, माझा संसार आता इथं, या कुंडीपाशी आहे. पण जळक्या भोकावर मी माझं जुनेर ठेवलं आहे आणि मुद्दाम टाका घातलेला नाही. वाकळ घेऊन येते आहे. ओळी तुम्ही घाला. पहिली पारूकाकूंची, आणि त्यांना म्हणावं, सुई तेवढी धुऊन घ्या.