आधी स्लॅब, मग भिंती

शेजारी बांधकाम निघालं की वाळूचा ढीग कमी होत जातो आणि किश्श्यांचा वाढत. आमच्या भूमच्या गल्लीत सुनीलनं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं, तेव्हापासून माझा टीव्ही बंदच आहे. भिंतीला भिंत लागून घर. न बघून जायचं कुठं?

सुनीलचे वडील आप्पा, जुने गवंडी. गल्लीतली निम्मी माळवदं त्यांच्या हातची. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुमचं तुम्ही बांधा. माझी कडंची खोली ऱ्हाऊ द्या. मी तिथून हलणार न्हाय."

सुनीलचा जीव तिथंच अडकला. बाप नव्या घरात राहायला आला नाही, तर पाव्हण्यारावळ्यांना तोंड कसं दाखवायचं?

*

जेसीबी आला. दोन हात रुंद भिंत, धडका मारून मशीन तापलं. ड्रायव्हर खाली उतरला. "आजोबा, ह्यात घातलंय तरी काय?"

आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "घाई सोडून सगळं."

*

स्लॅब टाकला. वर सिमेंटची आळी करून टँकरचं पाणी साठवलं. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि इथं डोक्यावर तळं! आम्ही चौघीजणी धुणं घेऊन वर गेलो. तेवढ्यात इंजिनिअर आला.

"अहो काकू, हे पाणी स्लॅबला पाजायचंय."

म्हटलं, "त्यालाच पाजतोय की. फक्त चादरीतून."

*

मग मिस्तरी दुसऱ्या कामावर गेला तो चार महिने फिरकलाच नाही. नुसते खांब आणि वर छत. आप्पा येऊन बघायचे. "आमी खालून वर बांधायचो. हे वरून खाली यायलंय."

घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला. सावली बघून बार्शीला जाणारी माणसं तिथं बसायला लागली. माणसं बघून एसटी थांबायला लागली. शेवटी भिंती चढल्या, त्या दिवशी एक म्हातारी बोचकं घेऊन सुनीलवर उखडली, "आरं बाबा, स्टँडला भिंती कशापायी बांधालास?"

*

वास्तुशांतीला आप्पा आले. जेवले, पान खाल्लं आणि चपला घालून आपल्या खोलीत गेले. सुनीलचा चेहरा पडला. मला म्हणाला, "वैनी, तुमचं ऐकतील ते."

मी गेले. आप्पा म्हणाले, "घर झ्याक झालंय. बोलावलं की येत जाईन."

*

एप्रिलात स्लॅब तापला. फरशीवर पाय ठरेना. कुणीतरी सांगितलं म्हणून सुनीलनं गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग मारला. आप्पांनी डबा हातात घेऊन फिरवून बघितला.

"पांढरी मातीच की ही. नुसती डब्यात आली."

*

रंगानं काही फरक पडला नाही. आधी सुनीलची बायको मनीषा भाजी निवडायला म्हणून दुपारची आप्पांच्या खोलीत जायला लागली. तिथं गारवा. मग पोरींची दप्तरं गेली. मग सुनीलची खाट. मी रोज वाटीभर दही घेऊन जायची, नीट बघता यावं म्हणून. एक दिवस बघते, तर आप्पांना पाय पसरायला जागा नाही.

मेमध्ये मनीषाचा भाऊ उमरग्याहून घर बघायला आला. मीही दही घेऊन त्याच्या मागोमाग आत. नव्या हॉलमध्ये पंख्याखाली आप्पा एकटेच ऐसपैस बसलेले.

"आप्पा, आलात की शेवटी नव्या घरात!" तो म्हणाला. "दाजींची लई इच्छा होती."

आप्पांनी तांब्याभर पाणी त्याच्यापुढं ठेवलं. "मी आलोय ओ. सुन्याच यायला तयार न्हाय."