आबा थांबायचे तेव्हा

या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचायचे आणि गालातल्या गालात हसायचे. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. तरी लिहितेय, कारण कपाटात एक कॅसेट आहे आणि ती खोटं बोलत नाही.

१९९८ सालची गोष्ट. धुळ्यात, देवपूरला भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, त्यावर मी लग्नपत्रिका करून द्यायचे. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई त्यांना नशिराबादहून माझ्याकडे घेऊन आली.

आबा वही गायचे. वही म्हणजे आमच्याकडचं डफावरचं, रात्र रात्र चालणारं गाणं. आबा ओळ टाकून थांबायचे, मागचे झीलकरी ती उचलायचे. पंचक्रोशीत त्या आवाजाला तोड नव्हती… आणि आता पाणी हवं असलं तर पलंगावर चमचा वाजवायचे. मला बघवत नसे.

डॉक्टर म्हणाले होते, "जो आवाज निघेल तो टेप करत जा." म्हणून टेपरेकॉर्डर त्यांच्या उशाशी असायचा.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मैत्रिणीनं दिलेला एक व्हिडिओ गेम खेळायचे. सुरुवातीलाच एक बाई गायची. भाषा कुठलीच नाही! सीडीसोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं, हे शब्द गेमसाठी मनानं रचलेत, त्यांना अर्थ नाही.

एका दुपारी तिचं गाणं संपलं आणि आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला. स्वच्छ, पूर्वीसारखा.

"ओरे सामिना… ताले ओरे…"

बोली तीच, पण या ओळी मी गेममध्ये कधी ऐकल्या नव्हत्या. मी धावत जाऊन टेप चालू केला. आई दारातच रडायला लागली.

"व माय, तुहे आबा गाऊ राह्यले व! पन हे कोन्ती वही?"

आबा एक ओळ गायचे, थांबायचे, डावा हात माझ्याकडे करून बघायचे. मला वाटलं, शब्द संपले. "पुढे काय आबा? आठवतंय का?" ते चिडून मान हलवायचे आणि पुढची ओळ घ्यायचे. चार ओळी झाल्या. तेवढ्यात पत्रिकेचं प्रूफ घ्यायला माणसं आली. मी म्हणाले, "आता पुरे, आबा," आणि टेप बंद केला.

त्यांनी हात खाली घेतला, तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा गायले नाहीत. नवव्या दिवशी गेले.

पुढे कितीतरी महिन्यांनी, जीव रमेना म्हणून, मी तो गेम शेवटपर्यंत खेळले. शेवटी त्याच बाईचं पूर्ण गाणं लागलं… ओरे सामिना, ताले ओरे. मी तिथवर कधी पोचले नव्हते, मैत्रीण तर सुरुवातीलाच अडकलेली.

आबांची कॅसेट सोबत लावली. ओळीला ओळ तीच. आणि जिथे आबा थांबले होते, तिथे गेममध्ये दहाबारा जणांचा कोरस ओळ उचलत होता. कोरस संपला की आबांची पुढची ओळ. श्वासाचाही फरक नाही.

आई ऐकत होती. हळूच म्हणाली, "झील मांगू राह्यले व्हते ते, बाई. आन् आपन दोघी नुसत्या पाहात बसलो."

वही गाणाऱ्याच्या घरात जन्मले मी! ओळ पडली की उचलायची, हे मला बोलता येण्याआधीपासून ठाऊक. फार चुकले मी.

कुणी योगायोग म्हणालं, कुणी मेंदूचा आजार. बाहेरच्या खोलीतून ऐकलं असेल, असंही. पण जे वाजलंच नव्हतं ते ऐकणार कसं?

त्यांच्या श्राद्धाला मी ती कॅसेट लावते. आई होती तोवर आम्ही दोघी झील धरायचो, आता मी एकटीच धरते. चार ओळी नीट होतात. मग माझाच आवाज येतो, "आता पुरे, आबा," आणि टेप खट्कन बंद होतो.