कुमसाराच्या खुर्चीत कट्ट्याचे गुरुजी

आधी हातातला चहा संपवा, नाहीतर अंगावर सांडाल. आज मी माझीच अब्रू सांगायला बसलोय, आणि तीही देवाच्या दारात गेलेली.

मी कट्टा गावचा, इतिहासाचा निवृत्त मास्तर. त्यातही ख्रिस्ती धर्माचा इतिहास हा माझा खास प्रांत. पोप, धर्मसभा, मठ, कोण कोणावर रुसून वेगळा झाला, सगळं तोंडपाठ. म्हणून मालवणकडच्या एका चर्चच्या फेस्ताला, म्हणजे त्यांच्या जत्रेला, दरवर्षी भाषण माझं. हिंदू माणसाचं, बरं का. याचा मला केवढा तोरा आहे ते आमच्या हिला विचारा.

यंदा फेस्ताआधीच्या शनिवारी फादरांनी बोलावलं. "गुरुजी, आत बसा, मी आलोच," म्हणून ते गेले. चर्च रिकामं. कडेला एक सुरेख लाकडी खोली, अर्धं दार, पडदा, आत गादीची खुर्ची. आता मी पडलो आमच्या देवळाचा विश्वस्त. अशाच लाकडी कठड्यात बसून मी अभिषेकाच्या पावत्या फाडतो. म्हटलं, ही यांची पावत्यांची जागा. सवयीने जाऊन बसलो आणि दार ओढून घेतलं.

तेवढ्यात बाजूच्या जाळीपलीकडे कोणीतरी गुडघे टेकले.

"फादर, आशीर्वाद दिया. माझ्याकडसून पाप घडला."

डोक्यात लख्ख उजेड पडला. ही तर कुमसाराची, पाप कबूल करायची पेटी, आणि मी धर्मगुरूंच्या खुर्चीत. या पेटीच्या उगमावर मी अर्धा तास बोलतो हो. पण पुस्तकात चित्र नव्हतं.

उठावं तर बाईला दिसणार. उद्या गावभर होणार, आणि भाषण कायमचं जाणार. मी श्वास धरून बसलो.

"फादर, मी दरवर्षी खोटा बोलतंय. ते कट्ट्याचे गुरुजी भाषण करतत, आणि मी तेंका सांगतंय, गुरुजी, भाषण बरा झाला."

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण जन्मभर पोरांना प्रश्न विचारलेला मास्तर मी. तोंडाला रुमाल लावून हळूच विचारलं, "कंटाळो नेमको खंय येता?"

"सुरवातीक येता, फादर. मगे तो जाणाच नाय."

"शेवट तरी बरो?"

"शेवट बरो. घराक जाऊक मेळता."

मी जाळीकडे सरकलो. "आणि ती राजाची गोष्ट?" राणीने पापनिवेदनात काय सांगितलं ते फोडलं नाही, म्हणून राजाने ज्याला नदीत बुडवलं, त्या धर्मगुरूची गोष्ट. माझा हुकमी एक्का.

"ती वायच बरी. पण ती येयपर्यंत माझो डोळो लागता."

इतक्यात पडदा सरकला. फादर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, आणि बोटानेच मला बाहेर काढलं. मी वाकून खांबाआडून सटकलो. ते आत बसून म्हणाले, "हां, आता सगळं पहिल्यापासून सांगा."

नंतर अंगणात मला गाठलं. "गुरुजी, कानावर पडलं ते कानातच ठेवायचं. चुकून ऐकणाऱ्यालाही हा नियम लागू आहे."

"माहीत आहे. त्यावरही मी भाषणात बोलतो."

"यंदा बोलू नका," फादर म्हणाले.

म्हणून तुम्हालाही बाईचं नाव-गाव सांगणार नाही. पाप माझ्याबद्दलचं होतं, तेवढं सांगायचा हक्क माझा.

फेस्ताच्या दिवशी मी कागद खिशातच ठेवले. पोप नाहीत, धर्मसभा नाहीत. उभा राहिलो, राजा, राणी आणि नदी, एवढंच सांगितलं आणि बसलो. टाळ्या किती वेळ पडत होत्या म्हणून सांगू. खाली उतरलो तर तीच बाई जत्रेतल्या गोड खाज्याचा पुडा घेऊन उभी.

"गुरुजी, यंदाचा भाषण काळजाक लागला."

तिचे डोळे चक्क ओले होते. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी. घरी येऊन हिला खाजं दिलं आणि म्हटलं, बघ, चूक सुधारायलाही मोठं मन लागतं. आठवडाभर मी त्याच ऐटीत फिरलो.

पुढच्या शनिवारी चर्चमध्ये राहिलेली छत्री आणायला गेलो. कुमसाराची रांग लागली होती. सगळ्यात पुढे तीच बाई. मला बघताच तिने मान फिरवली.