मानाचा मासा

आमच्या घरात थोरले दीर माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, मर्यादा होती. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने थेट बोलायचं नाही, ही या घराची रीत, आणि ती लग्नाच्या दिवसापासून चौदा वर्षं काटेकोर पाळली गेली. मी समोर ओट्याशी उभी असले तरी दादा, म्हणजे हे थोरले दीर, माझ्या नवऱ्याला म्हणायचे, "तिला म्हनावं च्या टाक." नवरा माझ्याकडे वळून म्हणायचा, "चहा टाक." मी टाकायचे. पाहुण्यांना याचं भारी कौतुक. मला पहिल्या दिवसापासून संताप यायचा, आणि तोही नवऱ्यामार्फतच कळवावा लागायचा.

नवरा निरोप पोचवताना त्याचं टोक मोडून टाकतो. मी म्हणाले, "दादांना सांग, मी कामावरून साडेपाचला येते, त्याआधी पाहुणे जेवायला बोलवू नका," तर तो सांगणार, "तिला जरा उशीर व्हतोय." हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून मी त्याच्यावर विसंबले, ही यातली माझी चूक. ती आधीच सांगून मोकळी होते.

मी लवळ्याच्या टेकडीवर एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. काचेची भांडी धुवायची, बरण्यांतल्या नमुन्यांवर लक्ष ठेवायचं, प्रॅक्टिकलची मांडामांड करायची. आठ वर्षांपूर्वी तिथल्या एका मॅडमचा खाऱ्या पाण्यातल्या माशांचा प्रकल्प संपला आणि क्लाउन माशांची एक जोडी मागे उरली. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे, लहान मुलांच्या दप्तरावर असतो तो मासा. कुणालाच ती जोडी नको होती. मी ती दुधाच्या किटलीत घातली, किटली स्कूटरवर दोन्ही पायांच्या मधे धरली आणि उरवड्याला घरी आणली. जिन्याखाली तीन फुटांची काचेची टाकी मांडली. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, रोज खारेपणा मोजायचा, गुरुवारी लाईट जाते म्हणून बॅटरीवरचा पंप भरून ठेवायचा. त्या सगळ्या घरात मी म्हणेन तसं चालायचं ते फक्त त्या तीन फुटांत.

जोडीतली मोठी ती मादी. या जातीत मादी मोठी, घर तिचं, आणि नर तिच्या निम्मा, तिच्या मागे मागे. मी त्यांना मोठी आणि धाकटा म्हणायचे. संध्याकाळी स्टूल ओढून बसले की मोठी काचेशी यायची. मी हात आत घातला की चावायची. लागत नसे, पण चावायची अगदी हक्काने. ती मला त्या घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त आवडायची. थोरल्या जाऊबाई येता-जाता म्हणायच्या, "मासं खायाचं असत्यात. हिनं पाळल्यात." मी हसल्यासारखं करायचे.

दोन वर्षांपूर्वी दादांनी रस्त्याकडेचं रान विकलं आणि जुन्या घराच्या शेजारी बंगला बांधला. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीत आठ फुटांची टाकी बसवली. हिंजवडीत कुणाच्या तरी ऑफिसात त्यांनी तशी पाहिली होती. दगड, वाळू, प्रवाळ, निळा उजेड, काही म्हणून कमी नाही. पुण्याचा एक माणूस येऊन सगळं लावून गेला आणि पाणी तयार झालं की मासे सांगा म्हणाला.

मग मासे निवडायला बैठक बसली, एखादं स्थळ ठरवायला बसावी तशी. वास्तूवाल्याचा फोन आला, नऊ मासे घ्या, आठ सोनेरी नि एक काळा. चुलत सासरे म्हणाले, "धरनातलं चिलापी सोडा की. कसल्या बी पान्यात मरत न्हाईत." जाऊबाईंना सोफ्याला शोभणारे गुलाबी मासे हवे होते. चिलापी खाऱ्या पाण्यात का नको आणि सोनेरी मासे त्यात का मरतात, हे मी दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. दादा मोबाईलवर बोट फिरवत एकेक मासा दाखवत होते.

"तिला इचार, ह्यो चालंल का."

तो सिंहमासा होता. मी नवऱ्याला म्हणाले, "त्यांना सांग, तोंडात मावेल तो प्रत्येक मासा तो गिळतो."

नवरा म्हणाला, "दादा, ह्यो जरा खादाड हाय."

पुढचा ट्रिगर मासा. मी म्हणाले, "सांग, तो प्रवाळ कुरतडतो, कोळंबी फोडून खातो, टाकीत काही शिल्लक ठेवत नाही."

नवरा म्हणाला, "ह्यो बी तसाच हाय, दादा."

असा तासभर छळ झाल्यावर दादांचं बोट सोहलवर थांबलं. निळ्या-पांढऱ्या रेघांचा, वीतभर लांब, आणखी वाढणारा, कापडाच्या दुकानातल्या उंची साडीसारखा देखणा मासा. मी जरा थांबले. सोहल प्रवाळाच्या वाटेला जात नाही, शेवाळ खातो, आठ फुटांत राहू शकतो. पण त्याच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नारिंगी ठिपका असतो आणि त्या ठिपक्यात धारदार पातं. शिवाय ज्या पाण्यात तो पहिला शिरला ते पाणी तो आपलंच समजतो. नंतर येईल त्याला फाडून काढतो. म्हणून असल्या माशाला सगळ्यात शेवटी सोडायचं. आधी लहान आणि भित्रे सोडायचे, त्यांना दगडांत आपापली जागा धरू द्यायची, मग मधले सोडायचे, आणि दांडगा येईल तेव्हा त्याला सगळीकडे कुणी ना कुणी राहतंय असं दिसलं पाहिजे. कुणाचं कुणाशी पटतं हे बघणं झालं अर्धं काम. कोण आधी गेला, हे उरलेलं अर्धं.

त्याच बैठकीत माझ्या टाकीचाही निकाल लागला. जुन्या घराच्या खोल्या उरवड्यातल्या कारखान्याच्या कामगारांना भाड्याने द्यायच्या होत्या, तेव्हा जिन्याखालची जागा रिकामी हवी. जाऊबाई म्हणाल्या, "येका घरात मासं दोनदोन जागी कशाला?" माझी जोडी मोठ्या टाकीत जाणार, असं मला न विचारताच ठरलं. मी नवऱ्याला म्हणाले, "एकच अट. माझी जोडी सगळ्यात आधी जाईल. सोहल सगळ्यात शेवटी, किमान दोन महिन्यांनी. नाहीतर तो त्यांना मारेल. मारेल, हाच शब्द सांग." कागदावर क्रमाने यादी लिहून दिली. त्याने ती खिशात ठेवली आणि मान हलवली.

त्याच आठवड्यात माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तीन आठवडे भोरला माहेरी गेले. रोज फोनवर विचारायचे. नवरा म्हणायचा, "सगळं तुझ्या यादीप्रमाणे चाललंय."

परत आले ती दुपारची. हॉलच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती आणि वर झेंडूची माळ. आत सोहल या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता. तो एकटाच. मी विचारलं, "माझी जोडी?"

"काल सोडली की," नवरा म्हणाला. "जिन्याखालची जागा रिकामी करायची होती ना."

मी गुडघ्यांवर बसून शोधलं. धाकटा कोपऱ्यात पंपाच्या जाळीमागे स्वतःला कोंबून बसला होता. मोठी एका दगडाखाली आडवी पडली होती. पाठीचा पर फाटला होता, अंगावर सरळ चिरा होत्या, एका डोळ्याच्या जागी पांढरं दिसत होतं. मी तिला पातेल्यात घेतलं. ती अजून श्वास घेत होती. मी बोट जवळ नेलं तर तिने तोंड उघडलं, पण चावली नाही. तासाभराने गेली.

"तू सांगितलं होतंस का?" मी नवऱ्याला विचारलं.

तो खिडकीतून बाहेर पाहू लागला. "सांगणार होतो. पण दादा म्हणाला, एवढा मोठा मासा, पहिला मान त्याचा. जत्रेत मानाचा नारळ आपल्या घराचा असतो, आणि आपल्याच घरात त्याला शेवटी सोडायचं? नारळ फोडून, ओवाळून सोडला त्याने. त्याला कसं सांगू, दांडगा आहे म्हणून शेवटी? ते त्याने स्वतःवर घेतलं असतं."

"मग घेऊ द्यायचं होतंस."

त्या दुपारी मी नवऱ्याचा जितका तिरस्कार केला तितका आयुष्यात कुणाचा केला नाही. दादांचाही केला, पण दादांना निदान माहीत नव्हतं. याला सगळं माहीत होतं. भावाचं मन मोडू नये म्हणून त्याने माझा जीव सोहलपुढे टाकला आणि वर तीन आठवडे फोनवर गोड बोलला.

वास्तुशांत दोन दिवसांवर आली होती, घरात पाव्हणे यायला लागले होते. मी थांबले नाही. पदर खोचला, बाह्या वर केल्या आणि टाकीतले दगड एकेक करून बाहेर काढायला लागले. दगड असेपर्यंत सोहल हाती लागत नाही. घमेली, टब, कणकेची परात, जे मिळेल त्यात मी दगड ठेवत गेले. नव्या फरशीवर खारं पाणी पसरलं. जाऊबाई ओरडत आत पळाल्या आणि दादांना घेऊन आल्या.

दादा माझ्यापासून पाच हातांवर थांबले. रीतच तशी. नवऱ्याकडे पाहून म्हणाले, "तिला इचार, ह्ये काय चालवलंय."

नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याला म्हणाले, "तू गप्प राहा." मग हातातला दगड परातीत ठेवला आणि वळले. "दादा, मला विचारा. मी इथंच उभी आहे. चौदा वर्षं इथंच उभी आहे."

सोफ्यावरच्या पाव्हण्या माना वळवून बघत होत्या. दादांनी मान खाली घातली होती, माझ्या ओल्या पायांकडे बघत.

"तुमच्या माशाने माझा मासा मारला," मी म्हणाले. "त्याला दोष नाही. तुम्ही त्याला आधी सोडलंत, त्याने टाकी आपली मानली. आता तो पुण्याच्या त्या माणसाकडे जाईल, त्याच्या दुकानात दोन महिने राहील. मी दगड बदलून लावेन. लहान मासे आधी येतील. मग तो येईल, सगळ्यात शेवटी. हे मी तुम्हाला आधीच कळवलं होतं. तुमच्यापर्यंत ते पोचलं नाही, कारण या घरात माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून येतं."

दादा नवऱ्याकडे बघत राहिले. मग कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मानाचा मासा बादलीत," आणि निघून गेले. सोहल पुण्याला गेला, धाकटा पंपाच्या जाळीमागून बाहेर आला नाही, आणि वास्तुशांत रिकाम्या दिसणाऱ्या टाकीसमोर झाली. जाऊबाई प्रत्येक पाव्हणीला सांगत होत्या, "हिनं मर्यादा सोडली." पुढचा महिनाभर घरातलं कुणी माझ्याशी नीट बोललं नाही, आणि चौदा वर्षांच्या सवयीने मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. नवऱ्याशी मी बोलत होते, पण कामापुरतं. अजूनही तसंच आहे.

मी म्हणाले त्याच क्रमाने मासे आले. आधी धाकट्याला सोबत म्हणून एक चिमुकला क्लाउन, मग दगडांच्या फटीत राहणारे गोबी, मग झुंडीने पोहणारे हिरवे क्रोमिस, आणि दोन महिन्यांनी सोहल. तो आला तेव्हा जो तो आपापल्या जागेवर होता. त्याने दोन दिवस काचेलगत फेऱ्या मारल्या, दोनचार जणांना शेपटी दाखवली, आणि शेवटी उजव्या कोपऱ्यातली उरलेली कपार धरली. दादा रोज सकाळी टाकीसमोर उभे राहून बघायचे. पुढे पुढे काचेवरचं शेवाळ तेच खरवडू लागले. मी असले की ते काम अर्धवट सोडून जायचे.

एका रविवारी ते गेले नाहीत. नवरा गाडी घेऊन हिंजवडीला गेला होता, जाऊबाई दळण आणायला. मी खारेपणा मोजायला हॉलमध्ये आले तर दादांचा हात कोपरापर्यंत टाकीत होता. त्यांनी एकदम बाहेर काढला. बोटाला दातांचे लाल ठिपके उठले होते. आत धाकटा काचेशी उभा होता, पूर्वीच्या दुप्पट झालेला, आणि त्यांच्याकडे रोखून बघत होता.

दादांनी दाराकडे बघितलं. निरोप न्यायला कुणी नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

"ह्यो गरीब व्हता की," ते म्हणाले. "आता का चावतोय?"

"तो नाही, ती," मी म्हणाले. "यांच्यात मोठी मेली की उरलेला नर मादी होतो. मग घर तिचं."

त्यांनी बोट धोतराला पुसलं, पुन्हा एकदा आत बघितलं. "मग म्या काय करायचं?"

"हात बाहेर ठेवायचा."